लॅबमधून आलेला अल्बम स्क्रीनसारखा का नाही? हळद निळसर, लग्न अंधारात, रिसेप्शन राखाडी

फोकस_गेला
शुक्रवार, रात्री ११:४०

नमस्कार मंडळी. यवतमाळ जिल्ह्यात तालुक्याच्या गावी माझा स्टुडिओ आहे. स्टुडिओ म्हणजे पुढे झेरॉक्स अन् पासपोर्ट फोटो, मागे एक खोली, खोलीत लॅपटॉप. सीझनमध्ये लग्नं घेतो. एडिटिंग माझं, डिझाइन बाहेरून करून घेतो, छपाई शहरातल्या लॅबमध्ये.

परवा एका लग्नाचा अल्बम ट्रॅव्हल्सनं आला. १२ बाय ३६ इंचाचा करिझ्मा (शीटं पाठीला पाठ चिकटवलेला अल्बम), २५ शीट. स्टँडवरच ब्लेडनं सुतळी कापली, खोका उघडला आणि पोटात गोळा आला. हळदीच्या पानांवर नवरदेवाचा पांढरा बनियन चक्क निळसर, हळद फिकट लिंबासारखी. लग्नाची पानं डार्क. शालूचा लाल म्हणजे सुकलेली मिरची, मामाच्या काळ्या कोटाला बटणं आहेत की नाहीत कळत नाही. रिसेप्शन तर मेल्यासारखं, चेहऱ्यांत रक्तच नाही. वर गंमत अशी की लग्नातलीच मधली चार शीटं फटफटीत पांढरी.

घरच्यांना दाखवला. नवरीची आई म्हणे, "भाऊ, माह्या पोरीच्या तोंडाले राखुंडी फासल्यावानी काहून दिसते?" पोरगी सावळी आहे आणि सावळीच छान दिसते, मी कोणाला गोरं करत नाही. पण राखाडी ती नाही.

लॅबला फोन केला तर उत्तर ठरलेलं, "फाइल आली तशी छापली." आणि लॅपटॉपवर, मोबाइलवर तेच फोटो एकदम झकास दिसून राहिले. चूक कोणाची धरू?

तीनपायी
शुक्रवार, रात्री ११:५२

लॅपटॉपची ब्राइटनेस १०० वर आहे ना? पैज लावतो.

फोकस_गेला
शुक्रवार, रात्री ११:५५

हो. दुकान रोडवर, शटर उघडं, दुपारी समोरच्या पत्र्यावरून उजेड आत येतो. कमी केली तर काहीच दिसत नाही.

डार्करूमवाले_काका
शनिवार, सकाळी ६:१०

लग्नाच्या डार्क पानांचं उत्तर वरच मिळालं. स्क्रीनच्या मागे दिवा असतो. कागदाला स्वतःचा दिवा नाही, खोलीतला जेवढा उजेड त्याच्यावर पडतो त्यातलाच थोडा तो परत देतो. छपाईसाठी एडिट करताना स्क्रीन ८० ते १२० कँडेलाच्या (दर चौरस मीटर, हे स्क्रीनचा उजेड मोजायचं माप) आसपास हवी असं मानतात. तुमचा लॅपटॉप पूर्ण ब्राइटनेसवर २५०-३०० सहज फेकत असेल. एवढ्या उजेडात फोटो जास्तच उजळ वाटतो, म्हणून तुम्ही तो खाली ओढता. कागदाला ती ओढाताण माहीत नाही. तो फाइलमध्ये आहे तेवढाच अंधार दाखवतो.

यंत्र नसेल तर एक गावठी उपाय सांगतो. संध्याकाळी शटर अर्धं ओढा, ट्यूबलाइट लावा. झेरॉक्सचा कोरा कागद स्क्रीनच्या बाजूला धरा, स्क्रीनवर पूर्ण पांढरी खिडकी उघडा. दोन्ही पांढरे सारखे वाटेपर्यंत ब्राइटनेस उतरवत न्या. बहुतेक लॅपटॉप ३०-४० टक्क्यांवर येऊन थांबतात. पहिले दोन दिवस सगळं अंधारलेलं वाटेल, मग डोळा बसतो. दुपारी त्या पत्र्याच्या झळाळीत एडिट करणं मात्र बंदच करा.

आता तुमचे कान धरतो. वर्ध्याकडे माझी डार्करूम होती. पूर्ण कागद आम्ही थेट कधी एक्स्पोज केला नाही. आधी बोटभर रुंदीची पट्टी कापायची, एनलार्जरखाली ठेवायची, वर पुठ्ठा धरायचा आणि दर पाच सेकंदांनी पुठ्ठा थोडा सरकवायचा. डेव्हलपरमध्ये टाकली की पट्टीवर पाच, दहा, पंधरा, वीस सेकंदांच्या पायऱ्या उमटत. त्यातली बरी पायरी निवडून मग कागद काढायचा. पाण्यासारखा पैसा जाऊ नये म्हणून. तुम्ही २५ शीटं एका पट्टीशिवाय छापायला टाकली?

फोकस_गेला
शनिवार, सकाळी ८:३०

काका, टाकली. सीझन होता.

लॅबच्या_आतून
शनिवार, दुपारी २:१५

नाव-गाव सांगत नाही, पोटाचा प्रश्न आहे. बरीच वर्षं मिनीलॅब, म्हणजे लॅबमधलं फोटो छापायचं मशीन, चालवतो. "फाइल आली तशी छापली" हे वाक्य मी स्वतः रोज बोलतो. ते अर्धं खरं असतं.

आमच्या स्क्रीनवर प्रत्येक फोटोसोबत चार आकडे असतात: डेन्सिटी (फोटो किती गडद), सायन (निळसर हिरवा), मॅजेंटा (गुलाबी-जांभळा), यलो. ऑटो करेक्शन सुरू असलं की मशीन फोटोतल्या रंगांचा अंदाज घेते आणि एकूण गोळाबेरीज करड्याकडे ओढते. साध्या फोटोत हे चांगलं चालतं. तुमच्या हळदीत काय होतं? अंगावर हळद, मागे झेंडू, मंडपाचा पडदा पिवळा. मशीन समजते की फोटोवर पिवळी झाक चढली आहे आणि ती निळ्याकडे ढकलते. बनियन निळा झाला तो इथेच, माझी खात्री आहे. हीच खोड कापसाच्या गंजीच्या फोटोत दिसते. मशीनला एवढं पांढरं सोसत नाही, ती गंजी करडी करून देते. उलट रात्रीच्या वरातीचं काळं आभाळ धुरकट येतं. फिल्मच्या काळापासून हा प्रकार आहे, नवीन काही नाही.

म्हणून ऑर्डर टाकताना "नो करेक्शन" लिहा, आणि लिहून भागत नाही, फोन करून तुमच्या खात्यावर ते कायमचं टाकायला सांगा. सीझनमध्ये रात्री दोन वाजता वीस स्टुडिओच्या फाइली रांगेत असतात, शेरा वाचायला कोण बसलंय? एक मात्र समजून घ्या. करेक्शन बंद म्हणजे तुमची चूकही जशीच्या तशी छापली जाईल. अर्ध्या स्टुडिओंना आम्ही गुपचूप वाचवत असतो.

आमच्याकडून चूक होतच नाही असं नाही. सकाळी कंट्रोल स्ट्रिप (तपासणीची पट्टी) काढून केमिकल तपासायचं, नवीन रोल लावला की कागदाचं कॅलिब्रेशन करायचं, हा नियम आहे. घाईत कोणी तो टाळला की रंग सरकतो. पण तसा सरकला तर त्या रात्रीच्या सगळ्या शीटांवर सारखाच सरकतो. तुमच्या अल्बममध्ये चार ठिकाणी चार तऱ्हा आहेत, म्हणून कारणंही चार असावीत.

परतवाडा_५०एमएम
शनिवार, दुपारी ३:०५

हे सगळं कागद धरून पाहणं वगैरे जुगाड आहे. सरळ कॅलिब्रेटर घ्या, म्हणजे स्क्रीनचे रंग मोजून जुळवणारं यंत्र. स्क्रीनवर लटकवायचा, डी६५ (पांढरा कोणता धरायचा ते), गॅमा २.२ (मधल्या छटा किती उजळ ते), ब्राइटनेस १०० किंवा १२०, दहा मिनिटांत प्रोफाइल (स्क्रीनच्या रंगांची नोंद) तयार. एका लग्नाच्या अ‍ॅडव्हान्सएवढा खर्च.

तीनपायी
शनिवार, दुपारी ३:२०

आणि लॅपटॉपचा पॅनेलच साधा असेल तर? स्वस्त पॅनेल एसआरजीबीचे (स्क्रीनसाठीचा नेहमीचा रंगसंच) सगळे रंगही दाखवत नाहीत, मान थोडी वर-खाली केली की चेहरा बदलतो. जे रंग पॅनेलमध्ये नाहीतच ते कॅलिब्रेटर कुठून आणणार? आधी एक बरा आयपीएस (बाजूनं पाहिलं तरी रंग फारसा न बदलणारा) मॉनिटर, मग यंत्र. माझं यंत्र दोन वर्षं डब्यात पडून आहे.

परतवाडा_५०एमएम
शनिवार, दुपारी ३:३१

डब्यात ठेवलं तर ते काय करणार, भाऊ.

रंगपेटी_अकोला
शनिवार, रात्री ९:४५

अल्बम डिझाइन हाच माझा धंदा आहे, तर माझा संशय रिसेप्शनवर. @फोकस_गेला, रिसेप्शनला दुसरा कॅमेरा होता का? त्यातल्या फाइलींची नावं कशी सुरू होतात तेवढं बघून सांगा.

फोकस_गेला
शनिवार, रात्री १०:२०

हो, मदतीला एक पोरगा होता, त्याचा कॅनन. माझ्या कॅमेऱ्याच्या फाइली 'आयएमजी'नं सुरू होतात. त्याच्या... आधी एक खालची आडवी रेघ, मग 'एमजी'. हे मी आजवर पाहिलंच नव्हतं.

रंगपेटी_अकोला
शनिवार, रात्री १०:३२

सापडलं. नावाच्या आधी ती रेघ म्हणजे कॅमेरा अ‍ॅडोबी आरजीबी या मोठ्या रंगसंचावर आहे. निकॉनमध्येही तसंच, 'डीएससी'च्या आधी रेघ येते. पोरानं कुठल्या तरी व्हिडिओत ऐकलं असेल की अ‍ॅडोबी आरजीबीत रंग जास्त. जास्त आहेतच, विशेषतः हिरवे आणि निळसर हिरवे. पण लॅबची मिनीलॅब बहुतेक वेळा सगळ्या फाइली एसआरजीबीच आहेत असं धरून चालते, फाइलमधलं प्रोफाइल (आकड्यांचा अर्थ कुठल्या रंगसंचानं लावायचा ती नोंद) वाचत नाही. मग त्याच आकड्यांचा अर्थ फिका लागतो. लाल शेला विटकरी होतो आणि चेहऱ्यावर राख येते. तुमच्या फोटोशॉपनं प्रोफाइल वाचलं, म्हणून लॅपटॉपवर ते ठीक दिसत होते.

यावर उपाय दोन पायऱ्यांचा. कॅमेऱ्याच्या मेनूत कलर स्पेस एसआरजीबी करा, विशेषतः तुम्ही जेपेगवर काढत असाल तर. आणि काढून झालेल्या फाइलींना फोटोशॉपमध्ये "कन्व्हर्ट टू प्रोफाइल" करा. शेजारीच "असाइन प्रोफाइल" लिहिलेलं असतं, त्याला हात लावू नका. कन्व्हर्टमध्ये आकडे बदलतात आणि रंग दिसायला तोच राहतो. असाइनमध्ये आकडे तेच राहतात आणि अर्थ बदलतो, म्हणजे लॅबनं तुमच्या रिसेप्शनचं जे केलं तेच तुम्ही हातानं कराल.

डिझायनरलाही विचारा. बाजारात पेन ड्राइव्हवर शेकड्यानं पीएसडी (फोटोशॉपच्या फाइली) टेम्प्लेट मिळतात, त्यातल्या काहींना प्रोफाइलच नसतं, काही चक्क सीएमवायकेमध्ये (प्रेसच्या शाईच्या रंगांत) असतात. त्यात फोटो ओढून टाकला की पुढे काय होईल ते नशिबावर.

मोहाचंफूल
रविवार, सकाळी ७:५०

मी फोटोग्राफर नाही, वाचून राहिली फक्त. आमच्या साक्षगंधाचे फोटो भावानं व्हॉट्सअ‍ॅपवर लॅबला पाठवले होते. तेही काही धड आले नाहीत. त्याचं कारण हेच का?

तीनपायी
रविवार, सकाळी ८:०५

ताई, तो वेगळा रोग. व्हॉट्सअ‍ॅप साधा पाठवलेला फोटो लांब बाजूला साधारण १६०० पिक्सेलवर आणतं. १८ इंच लांबीवर तो ताणला तर इंचाला नव्वदही पिक्सेल उरत नाहीत, लॅबचं मशीन ३०० नं छापतं. डॉक्युमेंट म्हणून पाठवा किंवा ड्राइव्हची लिंक द्या.

फोकस_गेला
रविवार, रात्री ११:१०

आज दिवसभर जुन्या फाइली चाळल्या. हळद, लग्न आणि रिसेप्शन, तिन्हींचा खुलासा पटला. चार फटफटीत शीटांचं कोडं मात्र सुटत नव्हतं. शेवटी फाइली सेव्ह केल्याची वेळ पाहिली. ती चारही शीटं एकाच दुपारी, १ ते ३ मधली. त्या आठवड्यात आमच्या फीडरवर दुपारी लाइट जात होती!

म्हणजे लाइट गेली, लॅपटॉप बॅटरीवर आला, बॅटरीवर आला की स्क्रीन आपोआप मंद होते. मला वाटलं फोटोच डार्क आहे, मी वर ओढत गेलो. चार्जरवर असताना खाली ओढत होतो, बॅटरीवर असताना वर. महावितरणनं माझा अल्बम एडिट केला म्हणा ना.

डार्करूमवाले_काका
सोमवार, सकाळी ६:००

हे भारी सापडलं. पॉवर सेटिंगमध्ये बॅटरी आणि चार्जर दोन्हीला ब्राइटनेस एकच ठेवा. खोलीच्या उजेडाप्रमाणे स्क्रीन आपोआप बदलणारी सोय बंद करा. डोळ्यांसाठी रात्री स्क्रीन पिवळी करणारं नाइट लाइटही बंद. माझ्या पुतण्यानं महिनाभर नाइट लाइटवर एडिटिंग केलं, सगळी गिऱ्हाइकं थंडीनं गारठल्यासारखी निळी आली.

परतवाडा_५०एमएम
सोमवार, सकाळी ९:४०

डोळ्यांवर विसंबूच नका, आकडे वाचा. फोटोशॉपचं इन्फो पॅलेट उघडा, कपाळावर किंवा गालावर कर्सर ठेवा. आपल्याकडच्या त्वचेत लाल सर्वांत जास्त, मग हिरवा, मग निळा, हा क्रम मोडला की समजा काही तरी बिघडलं. पांढऱ्या सदऱ्यावर तिन्ही आकडे जवळपास सारखे हवेत. स्क्रीन खोटं बोलेल, हे आकडे नाही.

वरात_अन्_वीज
सोमवार, दुपारी १२:३०

डीजेच्या एलईडीचं काय करता? नाचणाऱ्या पोरांच्या तोंडावर निळा-जांभळा उजेड, स्क्रीनवर मस्त चमकतो, कागदावर शाई सांडल्यासारखा डाग येतो. गुलालाचंही तेच.

रंगपेटी_अकोला
सोमवार, दुपारी १:१५

ते रंग कागदाच्या आवाक्याबाहेर आहेत. लॅबकडून त्यांच्या कागदाचं प्रोफाइल मागा. देणारे देतात. ते फोटोशॉपच्या प्रूफ सेटअपमध्ये टाकलं की कंट्रोल वाय दाबून छापल्यावर कसं दिसेल याचा अंदाज येतो. शिफ्ट कंट्रोल वाय दाबलं तर न छापता येणाऱ्या जागा करड्या दिसतात. डीजेच्या फोटोंत चेहरे जवळजवळ पूर्ण करडे होतील. तिथे निळ्याचं सॅच्युरेशन (रंगाचा भडकपणा) उतरवा, म्हणजे निदान नाक-डोळे तरी परत दिसतात. मी तर अशी दोन-तीन पानं सरळ ब्लॅक अँड व्हाइट करून टाकते, कोणी तक्रार करत नाही.

गुलाल मात्र पूर्ण कधीच येत नाही. पटवून घ्यायचं.

लॅबच्या_आतून
सोमवार, रात्री ११:५५

प्रोफाइल मागताना कागद कोणता तेही विचारा. ग्लॉसीवरचा काळा खोल बसतो, मॅटवर तोच थोडा करडा वाटतो. आणि प्रेसवर छापलेला अल्बम असेल तर गोष्टच निराळी, तिथे फोटोचा कागद आणि केमिकल नसतं, शाई असते. एका लॅबचं प्रोफाइल दुसरीकडे चालणार नाही.

फोकस_गेला
पुढच्या बुधवारी, रात्री १०:०५

काय केलं ते लिहितो, उशिरा लिहितोय कारण मधात दोन लग्नं होती.

ब्राइटनेस ३५ वर आणली. शटर ओढून, ट्यूबखाली, रात्रीच एडिटिंग. सगळं एसआरजीबीत कन्व्हर्ट केलं. मग १२ बाय १८ चं एकच शीट तयार केलं, म्हणजे ३६०० बाय ५४०० पिक्सेल. त्यात हळदीचा बनियनवाला फोटो, मामाचा काळा कोट, नवरीचा चेहरा, रिसेप्शनचा शेला, खाली काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत करड्या चौकटींची पट्टी. काकांचं ऐकून नवरीचा चेहरा तीनदा टाकला: आहे तसा, एक तृतीयांश स्टॉप (एक स्टॉप म्हणजे दुप्पट उजेड) उजळ, दोन तृतीयांश उजळ. लॅबला फोन करून करेक्शन बंद करवलं.

शीट आलं. बनियन पांढरा. कोटाला तीन बटणं. शेला लाल. लॅपटॉपच्या बाजूला धरलं तर पहिला चेहरा स्क्रीनशी जवळपास जुळला. जवळपासच. कागदाला ती आतून येणारी चमक नाही, ती येणारही नाही.

मग ते शीट घेऊन नवरीच्या घरी गेलो. अंगणात सकाळच्या उन्हात सगळ्यांना पहिलाच चेहरा आवडला. तिसरा तर पावडर थापल्यासारखा वाटला. म्हटलं चला, ठरलं. तेवढ्यात आई म्हणाली, "पण अल्बम काय अंगणात पाह्यतेत का?" अन् आत माजघरात घेऊन गेली. तिथे खिडकी एक, ९ वॅटचा बल्ब एक, भिंती गेरूच्या. तिथे पहिला चेहरा परत काळवंडला, दुसरा बरोबर दिसला. पाहुणे आले की अल्बम त्याच बल्बखाली उघडणार. मग सगळ्या अल्बमला एक तृतीयांश स्टॉप उजळ ठेवून फाइली पाठवल्या.

करिझ्माची शीटं पाठीला पाठ चिकटवलेली असतात, चार पानं बदलून भागत नाही, त्यामुळे पूर्ण अल्बम पुन्हा. लॅबनं निम्म्या दरात करून दिला, हळदीचा भाग त्यांचा होता म्हणून. बाकीचा निम्मा माझ्या अंगावर.

डार्करूमवाले_काका
बुधवार, रात्री १०:३०

माजघरातला बल्ब आमच्याही डोक्यात कधी आला नव्हता. ते शीट जपून ठेवा, टाकू नका. दर सीझनच्या आधी तीच फाइल परत छापून घ्यायची आणि जुन्याच्या बाजूला धरायची, म्हणजे लॅब सरकली की तुम्ही सरकलात ते कळेल.

मोहाचंफूल
गुरुवार, सकाळी ७:२०

आणि पहिला अल्बम? फेकला?

फोकस_गेला
गुरुवार, सकाळी ९:००

नवरीच्या आजीनं ठेवून घेतला. दुपारी ओट्यावर उन्हात घेऊन बसते. तिले तोच बरा दिसते म्हणते.